नोकरी तुमची, फी-सवलत लेकीची

अमेरिकेतल्या कॉलेजात किंवा विद्यापीठात शिकवताय आणि मुलगी हायस्कुलात गेली? अगदी वेळेवर आलात. बारावीत असली तरी चालेल, फक्त जरा भरभर करू. टेबल मोकळं करा आणि तीन गोष्टी काढून ठेवा: तुमचं ऑफर लेटर, गेल्या वर्षीच्या टॅक्स रिटर्नचं पहिलं पान आणि एक कोरी वही. मुलगा असेल तर जिथे ‘मुलगी’ दिसेल तिथे ‘मुलगा’ वाचा. नियम तेच.

अट एकच. क्रम मोडायचा नाही. कॉलेजांची यादी नवव्या पायरीवर येते, त्याआधी नाही. बहुतेक घरांत उलटं होतं: मुलगी कॅम्पस बघून येते, येताना तिथला स्वेटशर्ट घेऊन येते आणि मग आईबाबा नियम शोधायला बसतात.

१. धोरणाचं पान उतरवून घ्या.
एचआरच्या संकेतस्थळावर ‘बेनिफिट्स’मध्ये जा आणि कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठीची फी-सवलत शोधा. नाव प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं: ट्यूशन रिमिशन, ट्यूशन वेव्हर, ट्यूशन ग्रँट, एज्युकेशनल बेनिफिट. सापडलं की पीडीएफ करून ठेवा आणि फाइलच्या नावात आजची तारीख घाला. शेजारच्या केबिनमधल्या सहकाऱ्याचं ‘आपल्याकडे सगळं फुकट आहे’ हे ऐकून थांबू नका. तो तुमच्याआधी लागला असेल तर त्याला जुना नियम लागू असू शकतो आणि तुम्हाला नवा. गणपतीच्या आरतीनंतर मंडळात मिळणाऱ्या सल्ल्यालाही हेच लागू.

२. तुमची सवलत कोणत्या प्रकारची, ते वहीत लिहा.
प्रकार तीन. पहिला, फक्त तुमच्याच विद्यापीठात, फार तर राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत सूट: पेन स्टेटमध्ये मुलांना ट्यूशन फीत ७५ टक्के सूट आहे. इलिनॉयच्या सरकारी विद्यापीठांत सात वर्षं नोकरी झालेल्याच्या मुलाला, वय २५ च्या आत असेल तर, ५० टक्के माफी मिळते आणि ती राज्यातल्या कुठल्याही सरकारी विद्यापीठात चालते. दुसरा, मुलगी जिथे जाईल तिथे सोबत जाणारी रक्कम: स्टॅनफर्डमध्ये पात्र कर्मचाऱ्याच्या मुलाला बाहेरच्या मान्यताप्राप्त कॉलेजातही ट्यूशनसाठी पैसे मिळतात, पण स्टॅनफर्डच्या स्वतःच्या फीच्या निम्म्यापर्यंतच. तिसरा, अदलाबदल: तुमचं कॉलेज दुसऱ्याची मुलं घेतं, दुसरं तुमची घेतं. काही ठिकाणी दोन प्रकार एकत्र असतात, काही ठिकाणी काहीच नसतं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया एवढी मोठी, पण तिथल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना अशी सूट नाही. तुमचं उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर थेट पायरी १५ वर या आणि तिथून पुढे सवलतीच्या पायऱ्या गाळत चला.

३. नोकरीची वर्षं मोजा.
पानावर ‘वेटिंग पीरियड’ शोधा. कुठे पहिल्या दिवसापासून हक्क मिळतो, कुठे एक वर्षाने, कुठे पाच किंवा सात वर्षांनी. मोजणी पूर्णवेळ, बेनिफिट्स मिळणाऱ्या पदाच्या पहिल्या दिवसापासून करा. पोस्टडॉकची, व्हिजिटिंगची किंवा अ‍ॅडजंट म्हणून शिकवलेली वर्षं बऱ्याच ठिकाणी धरत नाहीत. आता बारीक गोष्ट: वर्षं सेमिस्टर सुरू होण्याच्या दिवशी पूर्ण झालेली लागतात. तुम्ही १ सप्टेंबरला रुजू झालात आणि सेमिस्टर २५ ऑगस्टला सुरू होतं, तर त्या एका आठवड्यापायी अख्खं सेमिस्टर हातचं जाऊ शकतं. सध्या दुसरीकडून ऑफर आली असेल तर आजच विचारा, ‘माझी आधीची सेवा धराल का?’ हो म्हणाले तर ते ऑफर लेटरमध्येच लिहून घ्या. सही झाल्यावर हा प्रश्न कुणी फारसा मनावर घेत नाही.

४. ‘डिपेंडंट’ची व्याख्या वाचा.
वयाची मर्यादा किती? लग्न झालं तर? सावत्र आणि दत्तक मुलांचं काय? तुमच्या टॅक्स रिटर्नवर मुलीचं नाव असावंच लागतं का? पूर्णवेळ शिकणारं मूल टॅक्समध्ये दाखवायचं तर वर्षाअखेर त्याचं वय २४ च्या आत असावं लागतं. विद्यापीठाची मर्यादा मात्र वेगळी असू शकते, म्हणून दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. एक वर्ष गॅप घेऊन भारतात आजीकडे राहायचा बेत असेल तर तो या व्याख्येत बसतोय का, ते पाहा.

५. काय मिळणार नाही, ते लाल पेनाने लिहा.
सवलत ट्यूशन फीची असते. वसतिगृह, मेस, इतर फी, पुस्तकं, आरोग्य विमा, घरी येण्याजाण्याचं तिकीट हे सगळं तुमच्या खिशातून. अमेरिकेत राहणं-खाणंच वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलरच्या घरात सहज जातं. पुण्याहून फोन आला, ‘प्राध्यापकाची मुलगी म्हणजे फुकट ना?’, तर हसून विषय बदला, पण वहीत मात्र खरं लिहा.

६. बेनिफिट्स ऑफिसला एकच ईमेल पाठवा.
फोन नको. उत्तर लेखी हवं. हे प्रश्न जसेच्या तसे घाला:
किती सेमिस्टर मिळतात, आणि उन्हाळी सत्र त्यात धरलं जातं का?
इंजिनिअरिंग, नर्सिंग अशा शाखांना जादा दराची ट्यूशन असते, ती धरली जाते का?
परदेशातलं सेमिस्टर आणि ऑनलाइन कोर्स चालतात का?
दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असतील तर?
नवराबायको दोघंही इथेच नोकरीला असतील तर?
मुलीला बाहेरची स्कॉलरशिप मिळाली तर ती आधी वजा होते का?
मी नोकरी सोडली, पद रद्द झालं, मला अपंगत्व आलं किंवा माझा मृत्यू झाला, तर मुलीचं चालू वर्ष आणि उरलेली वर्षं यांचं काय?
शेवटचा प्रश्न लिहिताना हात अडखळतो, पण तोच वगळू नका. काही विद्यापीठं अशा वेळी उरलेली वर्षं पूर्ण देतात, काही सेमिस्टरअखेर हात झटकतात. मंजूर रजा आणि सॅबॅटिकलचाही उल्लेख करा. उत्तर आलं की प्रिंट काढून वहीत चिकटवा.

७. अदलाबदलीचा माणूस शोधून काढा.
तुमचं कॉलेज एखाद्या अदलाबदल योजनेत असेल तर कॅम्पसवर त्या योजनेचा एक लायझन ऑफिसर असतो. तो कधी एचआरमध्ये बसतो, कधी ॲडमिशनमध्ये, कधी फायनान्शियल एडमध्ये. त्याला गाठा आणि आपण नेमके कोणकोणत्या योजनेत आहोत, ते विचारा. तिन्ही मोठ्या योजनांची तऱ्हा वेगळी आहे, म्हणून इथे जरा रेंगाळू.

‘ट्यूशन एक्स्चेंज’ ही सगळ्यात मोठी, सहाशेहून जास्त सदस्य संस्था. यात मुलीला पूर्ण ट्यूशन मिळते, नाहीतर योजनेने त्या वर्षासाठी ठरवलेली रक्कम, ज्याला ‘सेट रेट’ म्हणतात. महागड्या कॉलेजात सेट रेट आणि खरी फी यांतला फरक तुम्ही भरायचा. ही स्कॉलरशिप हक्काची नाही. देणारं कॉलेज निवड करतं, आणि पाठवणाऱ्या कॉलेजालाही गेलेली मुलं आणि आलेली मुलं यांचा तोल राखावा लागतो. त्यामुळे तुमचंच कॉलेज ‘यंदा चारच पाठवू’ म्हणून ज्येष्ठतेने नावं लावू शकतं.

‘सीआयसी’ची योजना म्हणजे कौन्सिल ऑफ इंडिपेंडंट कॉलेजेसची, बहुतेक छोटी खाजगी कॉलेजं. इथे पाठवण्यावर मर्यादा नाही, पूर्ण ट्यूशन माफ होते, आणि प्रत्येक कॉलेजाला दरवर्षी किमान तीन नवी मुलं घ्यावीच लागतात. तीन म्हणजे फार नाहीत, हे ध्यानात ठेवा.

‘फॅचेक्स’ ही जेझुइट कॉलेजांची आपापसातली. तुम्ही मार्क्वेट, फोर्डम, लोयोलासारख्या ठिकाणी असाल तर हिची चौकशी करा. इथेही निवड होतेच.

घोळ कुठे होतो? दोन योजनांची यादी एकत्र करून. एखादं कॉलेज एका योजनेत असतं, दुसरीत नसतं, आणि मुलीला मिळणार ते तुमचं कॉलेजही ज्या योजनेत आहे तिच्यातूनच.

८. तुमच्याच कॉलेजातली अंतर्गत नोंदणी करा.
लायझन ऑफिसरकडे एक छोटा फॉर्म असतो, त्यात तुमची पात्रता तपासून शिक्का बसतो. बारावीच्या सुरुवातीलाच, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, त्याची शेवटची तारीख विचारा. ही तारीख ॲडमिशनच्या तारखांच्या बरीच आधी असू शकते आणि संकेतस्थळावर ती ठळक दिसेलच असं नाही.

९. आता, अगदी आता, कॉलेजांची यादी करा.
वहीचं पान आडवं धरा आणि चार रकाने आखा: कॉलेज, योजना, शेवटची तारीख, लायझनचा ईमेल. पहिल्या ओळीवर तुमचं स्वतःचं विद्यापीठ लिहा, मुलीने कितीही तोंड वाकडं केलं तरी. दुसरीवर राज्यातलं एखादं सरकारी विद्यापीठ. मग अदलाबदलीतली सहा-सात. निवडताना माझा ठोकताळा सरळ आहे: ज्या कॉलेजात मुलीचे गुण तिथल्या सरासरीपेक्षा स्पष्ट वर आहेत, तिथेच अदलाबदलीवर भिस्त ठेवा. कॉलेज ही जागा देताना आपला फायदाही पाहतं. जिथे प्रवेश मिळणंच मुश्कील, तिथे फुकट जागेची आशा धरू नका. नाव मोठं असलेलं एखादं हवं तर खाली लिहा, पण त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढा.

१०. यादीतल्या प्रत्येक कॉलेजाच्या लायझनला दोन ओळी लिहा.
‘गेल्या वर्षी किती अर्ज आले आणि किती जणांना दिलं? यंदा नवे विद्यार्थी घेताय का?’ बस्स. काही आकडा सांगतील, काही ‘अतिशय स्पर्धा आहे’ एवढंच लिहितील. दुसरं उत्तर आलं तर त्याचा अर्थ ‘फार नाहीत’ असाच घ्या. तोल बिघडला म्हणून यंदा एकही घेणार नाही, असंही उत्तर येतं, आणि ते ऑक्टोबरात कळलेलं बरं.

११. मुलीला शेजारी बसवा आणि लाल पेनाचं पान दाखवा.
पूर्ण आकड्यांसकट. ‘आम्ही वर्षाला इतके डॉलर देऊ शकतो’ हे वाक्य एकदा मोठ्याने म्हणा. सतरा वर्षांच्या मुलांना आकडे कळतात. अंधारात ठेवलं तर मात्र ती रुसतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

१२. ‘अर्ली डिसिजन’ला हात लावण्याआधी थांबा.
अर्ली डिसिजन म्हणजे प्रवेश मिळाला तर यायचंच, असा करार. अदलाबदलीचा निकाल बऱ्याच ठिकाणी नंतर, फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. म्हणजे डिसेंबरात तुम्ही शब्द देऊन बसता आणि मार्चमध्ये कळतं की सवलत नाही. त्या कॉलेजाच्या लायझनने लेखी सांगितलं असेल की अर्ली डिसिजनवाल्यांना निकाल सोबतच देतो, तरच पुढे जा. एरवी ‘अर्ली ॲक्शन’ निवडा. तिथे बंधन नाही.

१३. कागदपत्रं स्कॅन करा.
मुलीचा जन्मदाखला, लग्नाचा दाखला, टॅक्स रिटर्नचं पहिलं पान. मुलगी भारतात जन्मली असेल तर दाखला काढून नीट बघा. जुना दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या, आणि ते स्वतः करू नका. मग नाव ताडून पाहा. दाखल्यावर नुसतं पहिलं नाव, पासपोर्टवर मधे वडिलांचं नाव, शाळेच्या दप्तरी मधलं नाव गायब, आडनावात एक ‘ए’ जास्त: आपल्याकडे हे घरोघरी आहे. नाव जुळत नसेल तर पासपोर्टवरचं नाव खरं धरा, सगळे फॉर्म त्याच स्पेलिंगने भरा आणि फरक समजावणारी तीन ओळींची चिठ्ठी सोबत जोडा.

१४. प्रवेशाचा अर्ज आणि सवलतीचा अर्ज, दोन्ही भरा.
दोन्ही, कारण हे दोन वेगळे अर्ज आहेत. कॉमन ॲपवर मुलगी प्रवेशासाठी अर्ज करते. ट्यूशन एक्स्चेंजसाठी त्या योजनेच्या संकेतस्थळावर ‘ईझी ॲप’ भरायचा, तो तुमच्या लायझनकडे जातो आणि तिथून प्रमाणित होऊन पुढच्या कॉलेजाला पोचतो. एक भरून दुसरा विसरलात तर ‘प्रवेश मिळाला, सवलत नाही’ असं पत्र येतं. ईझी ॲप भरल्यावर आठवड्याने लायझनला विचारा, ‘पुढे गेला का?’

१५. ‘फाफ्सा’ भरा, पगार कितीही असो.
‘आम्हाला कुठे मदत मिळणार?’ म्हणून बरेच प्राध्यापक केंद्र सरकारच्या मदतीचा हा फॉर्म सोडतात. सोडू नका. कितीतरी विद्यापीठं सवलतीआधी फाफ्सा मागतात आणि राज्याची ग्रँट आधी वापरून उरलेलीच ट्यूशन माफ करतात. फॉर्म साधारण १ ऑक्टोबरला उघडतो. मुलीचं एक खातं, पालकाचं वेगळं खातं. पालकाने टॅक्सची माहिती ओढून घ्यायला संमती देणं सक्तीचं आहे. ती खूण राहिली तर फॉर्म भरलेला दिसतो, पण केंद्र सरकारची मदत मिळत नाही.

इथे व्हिसाचा हिशेब करा. मुलगी अमेरिकेत जन्मली असेल किंवा तिच्याकडे ग्रीन कार्ड असेल तर फाफ्सा भरा, तुम्ही एच-१बीवर असलात तरी. मुलगी एच-४वर असेल तर तिला केंद्र सरकारची मदत मिळत नाही. तुमच्या विद्यापीठाची फी-सवलत ही नोकरीची असल्यामुळे एच-४वर तिचं काय होतं, ते पायरी ६ च्या ईमेलमध्येच विचारून घ्या. आणखी एक: २१ पूर्ण झाल्यावर एच-४ संपतो आणि बहुतेक मुलं एफ-१ घेतात. तिचा एकविसावा वाढदिवस कुठल्या सेमिस्टरमध्ये येतो, ते आत्ताच वहीत लिहा आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसला वर्षभर आधी भेटा.

१६. कॉलेज ‘सीएसएस प्रोफाइल’ मागत असेल तर तोही भरा.
कॉलेजाच्या स्वतःच्या मदतीसाठीचा हा फॉर्म सगळी मागत नाहीत. मागणाऱ्यांत बहुतेक खाजगी कॉलेजं असतात. पालकाच्या नोकरीतून फी-सवलत मिळणार का, असा प्रश्न आला तर खरं लिहा. लपवलं तर ऑगस्टमध्ये ती दिसते आणि त्यांनी दिलेली मदत तेवढीच कापली जाते.

१७. आलेल्या पत्रांचा हिशेब एका पानावर मांडा.
मार्च-एप्रिल. पत्रं आली, घरात गडबड. शांत बसा आणि प्रत्येक कॉलेजासाठी एकच शेवटचा आकडा काढा: वर्षाला खिशातून किती. समजा अशी तीन पत्रं आहेत.

पहिलं, ट्यूशन एक्स्चेंजचं मोठं कॉलेज: ट्यूशन ५८,०००, सेट रेट ४२,००० धरला तर उरले १६,०००. राहणं-खाणं १७,०००, इतर फी २,०००. एकूण ३५,००० डॉलर.

दुसरं, सीआयसीतलं छोटं कॉलेज: ट्यूशन ४४,०००, सगळी माफ. राहणं-खाणं १४,०००, इतर फी १,५००. एकूण १५,५००.

तिसरं, तुमचं स्वतःचं विद्यापीठ, ७५ टक्के सूट: ट्यूशन २०,०००, माफी १५,०००, उरले ५,०००. इतर फी १,०००. घरी राहिली तर एकूण ६,००० आणि पार्किंग. वसतिगृहात राहायचा हट्ट धरला तर आणखी १३,०००.

आता बघा, ‘पत्रात सगळ्यात मोठी स्कॉलरशिप’ आणि ‘खिशातून सगळ्यात कमी’ हे दोन वेगळे विजेते निघाले. ४४,०००चं पत्र पाहून पेढे वाटणारे पालक मी पाहिलेत. आणि हो, हा आकडा चाराने गुणा, फी दरवर्षी थोडी वाढते हे धरून. सेट रेट बदलतो तेव्हा तुमच्या मुलीची रक्कम वाढते की पहिल्या वर्षीचीच राहते, हे लायझनला विचारल्याशिवाय गुणाकार पक्का समजू नका.

१८. १ मेच्या आत एकाच कॉलेजात डिपॉझिट भरा.
सोबत अदलाबदलीचा स्वीकार वेगळ्या बटणाने कळवा. डिपॉझिट भरलं म्हणजे सवलत स्वीकारली, असं होत नाही. बाकीच्या कॉलेजांना त्याच दिवशी नकार कळवा. तुमची सुटलेली जागा प्रतीक्षायादीतल्या कुणाला तरी मिळते.

१९. सवलतीचा सेमिस्टरचा फॉर्म भरा.
प्रवेश मिळाला, योजना मंजूर झाली, तरी तुमच्या विद्यापीठाच्या एचआरमध्ये प्रत्येक वर्षी किंवा प्रत्येक सेमिस्टरला एक फॉर्म असतोच. तो जूनमध्येच भरा. ऑगस्टमध्ये ते ऑफिस नव्या लोकांच्या गर्दीत बुडालेलं असतं.

२०. मुलीकडून माहितीची संमती सही करून घ्या.
कॉलेजात गेलेल्या मुलीचे गुण आणि बिल यांवर कायद्याने तिचा हक्क असतो. फी तुम्ही भरत असलात तरी ऑफिस तुम्हाला बऱ्याचदा काही सांगत नाही. तिच्या खात्यात ‘ऑथोराइज्ड युजर’ म्हणून तुमचं नाव घालायला सांगा आणि माहिती उघड करण्याची संमती द्यायला लावा. सामान भरायच्या आधी, कारण सामान भरल्यावर ती फोन उचलत नाही.

२१. पहिलं बिल ओळ न ओळ वाचा.
जुलै-ऑगस्टमध्ये येतं. सवलतीची वजाबाकी दिसते का? नसेल तर स्टुडंट अकाउंट्सला आणि लायझनला एकाच ईमेलमध्ये लिहा, म्हणजे ते एकमेकांकडे बोट दाखवणार नाहीत. दुसरी ओळ शोधा: आरोग्य विमा. बरीच कॉलेजं विद्यार्थ्यांचा विमा आपोआप बिलात घालतात, आणि ती रक्कम हजारांत असते. मुलगी तुमच्या कौटुंबिक विम्यात असेल तर कॉलेजाच्या पोर्टलवर ‘इन्शुरन्स वेव्हर’ भरा. त्याचीही शेवटची तारीख असते. ती चुकली तर पैसे गेले. वजाबाकी यायला उशीर होत असेल तर लेट फी लावू नका असं लेखी मागा, नाहीतर खात्यावर ‘होल्ड’ येतो आणि पुढच्या सेमिस्टरची नोंदणी अडते.

२२. ५२९ खात्यातून राहण्याखाण्याचे पैसे काढा.
ट्यूशन माफ झाली म्हणून ५२९ या शिक्षणासाठीच्या खात्यातली बचत वाया जात नाही. मुलगी किमान अर्धवेळ शिकत असेल तर वसतिगृह आणि मेस, तसंच पुस्तकं यांसाठी ती चालते. कॅम्पसबाहेर खोली घेतली तर कॉलेजाने राहण्याखाण्यासाठी धरलेल्या रकमेपर्यंतच. पैसे त्याच कॅलेंडर वर्षात काढा ज्या वर्षी खर्च केला, आणि पावत्या एका लिफाफ्यात ठेवा. जानेवारीचं बिल डिसेंबरात भरलं तर पैसेही डिसेंबरातच काढायचे.

२३. टॅक्स भरताना दोन गोष्टी तपासा.
पहिली: पदवीच्या शिक्षणासाठी आश्रित मुलाला मिळालेली सवलत सर्वसाधारणपणे करमुक्त असते, अदलाबदलीतली सुद्धा. मुलगी मास्टर्सला गेली तर चित्र बदलतं. तिथे माफ झालेली रक्कम तुमच्या पगारात धरली जाते, डब्ल्यू-२वर दिसते आणि महिन्याच्या चेकमधून टॅक्स कापला जातो. त्या वर्षी चेक अचानक लहान झाला तर घाबरू नका, पण आधी हिशेब करून ठेवा. दुसरी: अमेरिकन अपॉर्च्युनिटी क्रेडिट वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत मिळतं. माफ झालेली ट्यूशन त्यात दाखवता येत नाही, पण तुम्ही भरलेली उरलेली ट्यूशन, सक्तीची फी आणि पुस्तकं दाखवता येतात. मात्र ज्या डॉलरसाठी ५२९ वापरलं, तोच डॉलर इथे पुन्हा मोजू नका. जोडप्याचं उत्पन्न १,८०,०००च्या वर असेल तर हे क्रेडिट मिळत नाही, ती ओळ सोडून पुढे जा.

२४. प्रत्येक सेमिस्टरच्या चौथ्या आठवड्यात क्रेडिट्स विचारा.
पूर्णवेळ म्हणजे बहुतेक ठिकाणी किमान १२ क्रेडिट्स. केमिस्ट्री जड जातेय म्हणून मुलीने एक कोर्स सोडला आणि ती ११ वर आली, तर सवलत जाऊ शकते. तिला एवढंच सांगून ठेवा: ‘सोडायच्या आधी मला एक मेसेज कर.’ किमान सरासरी गुणांची अटही असते. ती मंजुरीपत्रात असते, तिथून वहीत उतरवा.

२५. नूतनीकरणाची तारीख आजच कॅलेंडरात टाका, पंधरा दिवस आधीच्या सूचनेसह.
अदलाबदलीची स्कॉलरशिप दरवर्षी नव्याने प्रमाणित करावी लागते. तुमचा लायझन ते आपणहून करतो असं समजू नका. हिवाळ्याच्या सुट्टीनंतर त्याला लिहा, ‘यंदाचं नूतनीकरण पाठवलंत का?’ मुलीचे गुण अटीच्या किंचित खाली आले असतील तर अपील करता येतं का, ते त्याच ईमेलमध्ये विचारा. कॉलेजं एक सेमिस्टरची मुदत देऊ शकतात, पण मागितल्याशिवाय नाही. अपिलाच्या पत्रात कारण चार ओळींत लिहा, पुढच्या सेमिस्टरचा कोर्सचा बेत जोडा आणि सही मुलीची घ्या, तुमची नाही.